बिनकाट्याची ओळ

जाऊबाई मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा त्यांना आवाज आला. घरामागच्या पट्टीत ब्लॅकबेरीची जंगली जाळी माणसाच्या डोक्यावर गेली होती. तिथून कुणीतरी विचारत होतं, "कुणी आहे का तिकडं?" आरडाओरडा नव्हता, रस्ता विचारावा तसा आवाज होता. त्यांनी चादर बाजूला सारून पाहिलं, तर त्यांचा धाकटा दीर जाळीच्या मधोमध उभा. शर्टाची बाही एका फांदीनं धरलेली, पँट दुसरीनं, आणि एक लांब फोक गालावरून मानेमागं गेलेला. हातात डबा होता. तो मात्र सरळ धरलेला, आतली फळं सांडू नयेत म्हणून.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. थोरला ट्रकखाली काहीतरी करत होता, तो विळा घेऊन आला. त्याच्यामागं शेजारचा सायकल दुरुस्तीवाला आला आणि त्याच्या दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइकंही आली. थोरल्यानं एकेक फोक कापून धाकट्याला बाहेर काढलं आणि म्हणाला, "मासा मोठाय. जाळं फाटायची वेळ आली." सगळे हसले. धाकटाही हसला.

धाकटा गवंडी होता. गेल्या साली चुना विझवताना पिंप उसळलं आणि ते उकळतं पाणी त्याच्या तोंडावर आलं. उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. तेव्हापासून तो मागच्या पायरीवर बसून असे. मधूनमधून अंगठा तळहातावर घासून बघे. घट्टे मऊ पडत चालले होते आणि ते त्यालाच सगळ्यांत आधी कळत होतं.

त्याची बायको रुग्णालयाच्या धोबीखान्यात इस्त्रीला होती. संध्याकाळी ती आली तेव्हा नवरा दिव्याजवळच्या खुर्चीत बसला होता आणि टेबलावर डबा होता. डब्याच्या तळाशी जेमतेम मूठभर फळं, त्यातली निम्मी लाल.

"हे काय?"

"दर साली आणतोच की," तो म्हणाला. "वाटलं, हाताला ठाऊक असेल."

तिनं सुई काढली, ज्योतीवर धरली आणि त्याचा हात मांडीवर घेतला. काटे बारीक होते आणि आतच मोडले होते. तिची बोटं वाफेनं दिवसभर शिजलेली, सुई घट्ट धरवत नव्हती. गालावरचा ओरखडा डाव्या डोळ्याच्या खालून गेला होता. मध्ये बोट मावेल एवढीच जागा राहिली होती. तिनं तिथं औषध लावलं.

"लोक होते का पुष्कळ?" तिनं मग विचारलं.

"होते. हसले."

"आणि तुम्ही?"

"मीपण हसलो. काय करू मग?"

जेवणं झाल्यावर थोरला आला. पट्टी दोघा भावांच्या सामायिकीत होती. बाप गेल्यावर कुणी वाटणी मागितली नव्हती, कारण जाळी कुणालाच नको होती.

"हे सगळं उपटून टाकतो आणि खडी पसरतो," थोरला म्हणाला. "ट्रक रस्त्यावर उभा राहतो, पोरं आरसे फोडतात. धाकट्या, तुला तरी आता पट्टी घेऊन काय करायचंय?"

धाकट्यानं मान खाली घातली. बायको भांडी आवरत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"आम्ही तिथं लावणार आहोत, भाऊजी."

"काय लावणार?"

तिला ठाऊक नव्हतं. "ठरतंय," ती म्हणाली.

थोरल्यानं मागच्या दाराकडं पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला जागा हवी होती आणि समोर ती रिकामी पडलेली दिसत होती. "थंडी सरेपर्यंत जाळी काढून दाखवा," तो म्हणाला. "निघाली तर अर्धी पट्टी तुमची, मी तोंड उघडणार नाही. नाही निघाली तर खडी."

दुसऱ्या दिवशी धोबीखाना सुटल्यावर ती रोपवाल्याकडे गेली. तो रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला लागून रोपं विकायचा. चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली.

"ब्लॅकबेरी आहे?"

"ही बघा, बिनकाटेरी." त्यानं कुंडीतला एक फोक वर उचलला आणि मुठीत धरून खालपासून वरपर्यंत हात फिरवला. "आहे काही? आंधळ्यानंसुद्धा तोडावी." मग त्यानं जीभ चावली. त्या गल्लीत गवंड्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

"आंधळाच तोडणार आहे," ती म्हणाली. "नीट सांगा कशी लावायची."

त्यानं मग खरंच नीट सांगितलं. थंडी सरता सरता लावायची. पहिल्या साली नुसते फोक येतील, त्यावर फळ नाही. तेच फोक दुसऱ्या साली फळतात आणि मग वाळतात. ते कापायचे, नवे बांधायचे. "आणि एक. या जातीची साल बिनकाटेरी, पण मूळ जंगलीच. मुळाला जखम करू नका. कुदळ लागली की तिथून काटेरी फुटवा येतो. आणि तो येतो तो जोरानं येतो."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तिला वाटलं होतं, तो चार प्रश्न विचारेल. तो पायरीवरून उठला आणि चाचपडत आत गेला.

"काटे काढून दिलेलं झाड," तो आतून म्हणाला. "लहान पोरांना देतात तसं. मला खेळणं आणणार तू?"

ती दारात उभी राहिली. दिवसभर उभी असल्यानं तिच्या पोटऱ्या ठणकत होत्या.

"हो, आणणार," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. दिवसभर लोकांच्या चादरी इस्त्री करायच्या आणि घरी येऊन तुमच्या हातातले काटे उपसायचे, हे मला जमणार नाही. तुम्हाला काट्यांची हौसच असेल, तर ती जाळी आहे बाहेर. ती काढा आधी."

आत फळीवर काहीतरी चाचपल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "माझे चामडी हातमोजे कुठं ठेवलेत?"

जाळी काढायला पानगळ गेली आणि थंडीही निम्मी गेली. सुटीच्या दिवशी ती विळ्यानं फोक कापी आणि ओढून ढीग करी. बाकी दिवस तो एकटाच असे. मागच्या दारापासून त्यानं कामावरची सुताची दोरी ताणून बांधली होती. तिच्या कडेनं तो पट्टीत जाई, गुडघ्यावर बसे, कुदळ आखूड धरून माती सैल करी आणि मग हातमोजे काढून मुळं चाचपे. हातमोज्यातून मुळं कळत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. बायकोनं चार दिवस वाद घातला, मग सोडून दिला. जंगली ब्लॅकबेरीचं मूळ बोटाएवढं जाड आणि वाटेल तिकडं गेलेलं. एक मूळ धरून तो निघाला की ते त्याला पार कुंपणापर्यंत घेऊन जाई. शेवटचा गड्डा निघाला की तो तसाच मातीत मागं टेकून बसे, छाती भात्यासारखी हाले.

जाऊबाई मधूनमधून चहा आणत. त्याचे डोळे गेल्यापासून त्या त्याच्याशी मोठ्यानं बोलत.

"भाऊजी, चहा आणलाय हो! उजव्या हाताला ठेवलाय!"

एकदा तो म्हणाला, "वहिनी, मला ऐकू येतं."

जाऊबाई त्याच्याजवळ खाली बसल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मग एवढे महिने बोलला का नाहीत? माझा घसा बसला ना."

दोघं हसले. बायकोला हे संध्याकाळी कळलं, तेव्हा तिला जाळीचा कितवा गड्डा निघाला यापेक्षा त्याचंच जास्त बरं वाटलं.

पट्टी साफ झाली. थोरला येऊन बघून गेला. पायानं दोन ठिकाणी ढेकूळ फोडलं, खाली मूळ दिसतंय का पाहिलं. नव्हतं. "दिला शब्द," तो म्हणाला आणि गेला, पण जाताना खूश नव्हता.

फोक बांधायच्या तारांसाठी लाकडी डांब रोवायचे होते. बायकोला वाटलं, यासाठी कुणाला तरी बोलवावं लागेल. गवंड्यानं कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी ओढली. थापी, दोरी, ओळंबा. तेल नसल्यानं थापीला गंज चढला होता. त्यानं ती शर्टाला पुसली आणि बाजूला ठेवली. ओळंबा घेतला, दोरीच्या टोकाला लोखंडी लोळक असलेला.

"मी डांब धरतो," तो म्हणाला. "तू दोरी वर धर. लोळक डांबाला चिकटतंय की सुटतंय ते मी बोटानं बघतो."

ती स्टुलावर उभी राहिली. तो खाली गुडघ्यावर. लोळक हलायचं थांबेपर्यंत तो थांबे, मग करंगळी लोळक आणि डांब यांच्या मधे घाली. "वरून तुझ्याकडं रेट. अजून. केवढं रेटतेस, ट्रक आहे का तो?" डांब सरळ झाला की खड्ड्यात दगड ठोकी आणि धुमसानं माती बसवी. पहिला डांब उभा राहिल्यावर त्यानं त्याला खांदा लावून जोर दिला. डांब हलला नाही. तो थोडा वेळ खांदा तसाच लावून उभा राहिला.

रोपं लागली, पाण्यासाठी आळी झाली, तारा ताणल्या. मुळांवर तिनं वाळलेल्या गवताचा जाड थर पसरला, म्हणजे तण येणार नाही आणि कुदळीचं कामच पडणार नाही. त्या उन्हाळ्यात फोक तारेच्या वर गेले. रोज सकाळी तो त्यांच्यावरून हात फिरवी आणि जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांनी ते तारेला बांधी. गाठ सैल, आत बोट जाईल एवढी. फळ एकही नव्हतं.

"पाला छान आलाय," थोरला कुंपणावरून म्हणायचा. "शेळी पाळा."

ट्रक तसाच रस्त्यावर उभा राहत होता. त्या साली त्याचा आरसा पुन्हा फुटला. नवा बसवला, तोही गेला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी थोरला माल उतरवून परतला. आपल्या अर्ध्या पट्टीत ट्रक घालावा म्हणून बोळातून मागं घेऊ लागला. जागा पुरणार नव्हती हे त्याला माहीत होतं. गवंडी आत होता. त्याला आधी इंजिनचा आवाज ऐकू आला, मग लाकूड मोडल्याचा, मग तार सुटून झणझणल्याचा.

बायको त्याच्या आधी बाहेर पोचली. शेवटचा डांब बुडाशी मोडला होता. त्याच्या खालच्या रोपावर चाक चढलं होतं, सगळे फोक चिरडले होते, गवताचा थर मातीत दाबला गेला होता. थोरला खाली उतरून उभा होता.

"दिसलं नाही मला," तो म्हणाला.

गवंडी दोरीच्या कडेनं चालत आला. "तुलाही?" तो म्हणाला.

बायकोच्या ओठांवर बरंच आलं होतं. पट्टीचं, जाळीचं, मासा म्हटल्याचं. पण नवऱ्यानं खाली बसून मोडलेल्या रोपाला हात लावला होता. तो एकेक फोक चाचपून बघत होता, कुठवर चिरलाय ते. तिनं सुटलेली तार उचलून बाजूला केली.

"ट्रक पुढं घे," तो थोरल्याला म्हणाला. "सरळ घे, वळवू नको. आणि उद्या सकाळी ये. ओळंबा धरायला माणूस लागेल. ही कामावर असते."

बायकोला वाटलं, हा यायचा नाही. पण सकाळी ती निघताना थोरला दारात होता, खांद्यावर नवा डांब घेऊन. तिनं संध्याकाळी जाऊबाईंकडून ऐकलं ते असं. थोरला स्टुलावर दोरी धरून उभा राहिला, पण त्याला स्थिर उभं राहायची सवय नव्हती. लोळक थांबेना. "हात हलतोय तुझा," गवंडी म्हणाला. "श्वास घे." थोरला श्वास घेऊन उभा राहिला. "आता सोडू?" "नको." "आता?" "दादा, मी सांगेन तेव्हा." तेवढ्यात थोरला म्हणाला, "मी मागं बघितलंच नाही. रागात होतो." गवंड्यानं लोळक आणि डांबाच्या मधे करंगळी घातली. "माहीत आहे," तो म्हणाला. "तुझ्याकडं रेट जरा."

चिरडलेलं रोप जमिनीलगत छाटावं लागलं. रोपवाला स्वतः बघायला आला. त्यानं मान हलवली. "मुळं दुखावलीत. आता वर येईल ते काटेरी असेल. उपटून टाका, दुसरं देतो."

"राहू दे," गवंडी म्हणाला.

"अहो, उगाच कशाला—"

"खोडाचा गड्डा शाबूत आहे. मी हात लावून बघितलाय. थांबून बघतो."

थंडी गेली. ऊन चढू लागलं तसे त्या जागी फुटवे आले. पहिला आला तो त्यानं अंगठा आणि तर्जनीत धरला आणि हात झटकला. अंगठ्यावर रक्त आलं. माती उकरून फुटवा मुळापासून ओढला आणि फेकला. दुसरा आला, तोही काटेरी. मग आणखी. रोज सकाळी तो तिथं आधी जाई. बायको चहा पिता पिता खिडकीतून बघे. तो गुडघ्यावर बसे, बोटं जमिनीवर फिरत, थांबत. मग एक झटका, आणि काहीतरी कुंपणापलीकडं उडे. बाकीच्या रोपांना तेव्हा कळ्या धरत होत्या. तिला वाटे, ही माणसं कशाच्या मागं लागतात. अंगठ्यातला काटा काढायला संध्याकाळी सुई मात्र तयार ठेवी.

एका सकाळी तो गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. तिला उशीर होत होता. ती बाहेर गेली.

"काय झालं?"

"इकडं ये. हे बघ."

मुळातून नाही, खोडाच्या गड्ड्याच्या अगदी पोटातून एक जाड, लालसर धुमारा आला होता. तिनं तो पाहिला. पाहून तिला काहीच कळलं नाही, जंगली फुटवेही असेच दिसायचे. तिनं बोट लावलं. धुमारा गुळगुळीत होता, अळूच्या देठासारखा. तिनं खालपासून वरपर्यंत बोट नेलं, मग परत खाली आणलं.

"नाहीये," ती म्हणाली.

"नाहीच," तो म्हणाला. "जा आता. गाडी चुकेल."

त्या उन्हाळ्यात इतर रोपं फळांनी लगडली. फुलं आली तेव्हा मधमाश्यांच्या आवाजावरून तो कोणत्या तारेवर किती फुलं आहेत ते सांगायचा. पुढं हिरवी फळं लाल झाली, मग काळी. सुटीच्या दिवशी बायको टोपली घेऊन ओळीत उतरली आणि चकाकणारी काळी फळं भराभर तोडू लागली.

"काय तोडतेस?" त्यानं विचारलं.

"काळी झालीत की."

"खाऊन बघ एक."

तिनं खाल्लं. दात आंबले. ती तोंड वेडंवाकडं करून थांबली.

"तोडायचंच नाही," तो म्हणाला. त्यानं तिचं मनगट धरून हात एका घोसाखाली नेला. "नुसता हात लावायचा. मऊ लागलं की जरासं ओढायचं. आलं तर आलं. नाही आलं तर त्याला वेळ आहे." एक फळ तिच्या तळहातावर अलगद पडलं. त्यावर चकाकी नव्हती, धूळ बसल्यासारखं मंद काळं होतं. ते गोड होतं. इतकं गोड की तिनं दुसरं मागितलं आणि त्यानं दिलं नाही. "आधी टोपली भर," तो म्हणाला.

दुपारी जाऊबाई वाडगा घेऊन आल्या. मागोमाग सायकल दुरुस्तीवालाही कुंपणाशी आला. गवंड्यानं कुणाच्या हातात फळ दिलं नाही. म्हणाला, "आत या आणि तुमचं तुम्ही काढा. ओरखडणारं काही नाही इथं." सायकलवाला आत येताना आधी बाह्या खाली ओढू लागला, मग काय मनात आलं कुणास ठाऊक, परत वर सारल्या. थोरला सगळ्यांत शेवटी आला. त्याचे हात ग्रीसचे, म्हणून तो तोडेना. धाकट्यानंच चार फळं काढून त्याच्या तोंडासमोर धरली. त्यानं ती तशीच खाल्ली, उभ्या उभ्या, आणि मग नव्या डांबाला पाय लावून हलतोय का बघितलं.

फळं संपली. फळलेले फोक वाळले. गवंड्यानं ते एकट्यानं जमिनीलगत कापले आणि नवे तारेवर घेतले. उन्हाळ्याच्या अखेरीला नवे फोक इतके लांबले की शेंडे जमिनीला टेकू लागले. बायकोला वाटलं, हे छाटायचे राहिले. एक दिवस ती धोबीखान्यातून आली, तर तो ओळीच्या पार टोकाला, थोरल्याच्या अर्ध्या पट्टीत, गुडघ्यावर बसला होता. तिथं बरेच शेंडे वाकवून मातीत पुरलेले होते आणि प्रत्येकावर एकेक दगड ठेवलेला होता.

"तिकडं भाऊजींची जागा आहे," ती म्हणाली.

"विचारलंय त्याला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, आणखी किती डांब लागतील ते सांग, येताना ट्रकमधून आणतो."

ती पिशवी खाली ठेवून त्याच्या शेजारी बसली. पाय लांब केले. माती अजून उन्हानं गरम होती. त्यानं पहिल्या शेंड्यावरचा दगड उचलला.

"हा सगळ्यांत आधी पुरलेला. इथं बोट घाल. धर आणि जरासं ओढ."

तिनं मातीत बोटं घातली. शेंडा सापडला. तिनं आधी हळूच ओढला, मग थोडा जोर लावून.

"येत नाही," ती म्हणाली.

"मग मूळ धरलं त्यानं," तो म्हणाला आणि दुसऱ्या दगडाकडं सरकला.